वाचक विचारतात : ‘निद्दा’, मेथीचं पाणी आणि राशीचा समास

मासिक पाळी, बाळंतपण आणि त्यानंतरचं शुद्धीचं स्नान यांविषयीचे यहुदी नियम तालमूदच्या, म्हणजे यहुदी धर्मनियम आणि त्यांवरच्या चर्चांच्या मोठ्या संग्रहाच्या, ‘निद्दा’ या मसेख्तमध्ये येतात. (तालमूदमधल्या एकेका विषयग्रंथाला मसेख्त म्हणतात.) मूळ आज्ञा तोरामधल्या (तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तकं), लेवीय 12, 15 आणि 18:19 इथल्या. त्यांच्यावर मिश्ना, म्हणजे नियमांचा संग्रह, मिश्नावर बाबिलोनमधली गेमारा, म्हणजे त्या नियमांची चर्चा, आणि या सगळ्यावर 11व्या ते 14व्या शतकात फ्रान्स, प्रोव्हान्स आणि स्पेनमधल्या रब्बींनी, म्हणजे यहुदी धर्मपंडितांनी, लिहिलेली भाष्यं. त्या भाष्यांविषयी आलेल्या पत्रांतले निवडक प्रश्न या वेळी घेतले आहेत.

प्रश्न : तालमूदचं पान उघडलं की चारी बाजूंनी मजकूर अंगावर येतो. निद्दाच्या पानावर कोण कुठे असतं, आणि वाचायला सुरुवात कुठून करायची? (पुणे)

मधला ठळक मजकूर म्हणजे मिश्ना आणि गेमारा. शिवणीकडच्या समासात राशी या भाष्यकाराचं भाष्य, बाहेरच्या समासात तोसाफोत, म्हणजे त्याच्या नंतरच्यांची टिपणं. व्हेनिसमध्ये 1520 ते 1523 या काळात बॉम्बर्गच्या छापखान्याने पूर्ण तालमूद छापला. आजही पानांचे आकडे त्याचेच चालतात. कोणतीही मसेख्त दुसऱ्या पानापासून सुरू होते, तेव्हा पहिलं पान फाटलं की काय अशी शंका घेऊ नका. पानाच्या दोन बाजूंना अ आणि ब म्हणू. निद्दा 2अ पासून 73अ पर्यंत जाते, अध्याय 10.

शुद्धीच्या नियमांचा मिश्नातला विभाग मोठा आहे, त्यात 12 मसेख्त आहेत. पण बाबिलोनी गेमारा मिळाली ती एकट्या निद्दाला. बाकीचे नियम मंदिराशी बांधलेले होते आणि मंदिर इ.स. 70 मध्ये पडलं. निद्दाचे नियम नवरा-बायकोच्या घरात राहिले, म्हणून त्यांची चर्चाही चालू राहिली. उरलेल्या 11 मसेख्त वाचायच्या तर मिश्नावरची भाष्यं घ्यावी लागतात: रामबामचं, सान्सच्या रब्बी शिमशोनचं आणि रब्बी आशेर ऊर्फ रोशचं.

राशी (1040–1105) हा फ्रान्सच्या त्र्वा गावचा. रब्बी श्लोमो यित्झहाकी या नावाची ती आद्याक्षरं. पंचांगातल्या राशींशी संबंध नाही, हे सांगावं लागतं कारण एका पत्रात तसा प्रश्न आला आहे. ‘हे वाक्य म्हणतं काय’ एवढंच तो सांगतो. शब्द अडला तर जुन्या फ्रेंचमधला शब्द हिब्रू अक्षरांत देतो. तोसाफोत लिहिणारे म्हणजे त्याचे नातू आणि त्यांच्या शिष्यपरंपरेतले पंडित. त्यांचा धंदाच वेगळा: ‘इथे असं म्हटलंय, अमुक मसेख्तमध्ये तर उलट आहे, मग जमवायचं कसं?’ नवखा वाचक हुशारीच्या ओढीने थेट तोसाफोतकडे जातो आणि फसतो, कारण ते ज्या वाक्याला धरून भांडत आहेत ते वाक्यच त्याला कळलेलं नसतं. आधी मधला मजकूर, मग राशी, मग पुन्हा मधला मजकूर. तोसाफोत दुसऱ्या दिवशी वाचले तरी चालतील.

रामबान, राश्बा, रित्वा, रान ही स्पेनमधली मंडळी तालमूदच्या पानाच्या समासात नसतात, त्यांची टिपणं वेगळी पुस्तकं म्हणून मिळतात. निर्णयकार अल्फासीचे (1013–1103) निद्दाविषयक निर्णय शोधणाऱ्यांसाठी एक खूण: ते ‘शेवुओत’ मसेख्तच्या दुसऱ्या अध्यायाला जोडलेले आहेत. निद्दाच्या खंडात शोधत बसाल तर हाती काही लागणार नाही.

प्रश्न : समासातली ती वळणदार अक्षरं राशीच्या हातची आहेत का? (नागपूर)

नाहीत. ते स्पेनकडच्या यहुद्यांचं लपेटीचं वळण. 1475 मध्ये इटलीतल्या रेज्जो दि कालाब्रिया इथे राशीचं तोराभाष्य त्या ठशात छापलं गेलं आणि नाव चिकटलं. राशीला स्वतःला ते वाचायला कदाचित वेळ लागला असता.

प्रश्न : पहिल्याच मिश्नात शम्माई, हिल्लेल आणि पंडित यांचं तीन तऱ्हांचं मत आहे. ते उदाहरणाने समजावाल का? आणि ‘पुरे तिची वेळ’ म्हणजे नेमकं काय? (मुंबई)

शम्माई आणि हिल्लेल हे मिश्नातले दोन जुने आचार्य, ‘पंडित’ म्हणजे बाकीचे. उदाहरण असं घेऊ. एका बाईने रविवारी सकाळी स्वतःला तपासलं, सगळं स्वच्छ होतं. मंगळवारी संध्याकाळी रक्त दिसलं. मधल्या काळात तिने शुद्ध ठेवायच्या धान्याला, तेलाला हात लावला. त्या वस्तूंचं काय?

शम्माई म्हणतात, ‘पुरे तिची वेळ’: मंगळवार संध्याकाळपासून पुढचंच अशुद्ध, मागचं काही नाही. हिल्लेल म्हणतात, तपासणीपासून तपासणीपर्यंत, म्हणजे रविवार सकाळपासून हात लागलेलं सगळं संशयित. पंडित मधला रस्ता काढतात. 24 तास मागे जायचं, म्हणजे सोमवार संध्याकाळ. पण शेवटची तपासणी त्याहून अलीकडची असेल, समजा मंगळवारी सकाळची, तर तिथेच थांबायचं. 24 तास आणि तपासणी यांतलं जे जवळचं, ते. आणि जिची पाळी ठरल्या वेळी येते, तिला त्या पंडितांच्या मतेही ‘पुरे तिची वेळ’.

इथे निम्मे वाचक एक चूक करतात. मागे जाऊन अशुद्ध धरायचं ते फक्त शुद्ध राखायच्या अन्नाबाबत, नवरा-बायकोच्या संबंधाबाबत नव्हे. राशीचा समास चुकवून पुढे गेलेला वाचक सगळं पान उलटं वाचतो.

मग गेमारा विचारते, शम्माईंचं कारण काय? उत्तर: बाई आतापर्यंत शुद्ध होती, तिला तिच्या ‘हझाका’वर ठेवा. हझाका म्हणजे जी स्थिती माहीत आहे ती बदल दिसेपर्यंत तशीच धरणं. कोर्टात ताबा पाहतात, त्या धर्तीचं. हिल्लेलचं म्हणणं, ज्या वस्तूत मुळात खोट नाही तिला हे लागू, पण इथे रक्त तिच्याच शरीरातून येणारं आहे. लगेच आक्षेप येतो: शुद्धीचं कुंड मोजलं आणि पाणी कमी भरलं, तर त्यात आधी शुद्ध केलेलं सगळं मागल्या तारखेने अशुद्ध ठरतं. तिथे का नाही कुंडाला हझाकावर ठेवत? उत्तर मासलेवाईक आहे. तिथे दोन खोटी आहेत: कुंड डोळ्यांसमोर अपुरं आहे, आणि त्यात उतरलेला माणूस आधीपासून अशुद्धच होता. बाईच्या बाबतीत तशी दुहेरी खोट नाही. तोसाफोत याच जागी पाय रोवतात आणि हझाकाच्या जाती वेगळ्या करत बसतात. निद्दाचं हे पहिलं पान येशिवात, म्हणजे यहुदी पाठशाळेत, गाजतं ते पाळीच्या नियमामुळे नाही, या संशयशास्त्रामुळे.

प्रश्न : रामबाम आणि रामबान ही एकाच माणसाची दोन नावं की छपाईची चूक? दोघांचे हिशोब वेगळे कसे? (कोल्हापूर)

माणसं दोन. रब्बी मोशे बेन मैमोन तो रामबाम (1138–1204), कोर्दोबात जन्मलेला, पुढे इजिप्तमध्ये वैद्यकी करणारा. रब्बी मोशे बेन नाहमान तो रामबान (1194–1270), स्पेनमधल्या जिरोनाचा. शेवटच्या अक्षराचा फरक. आपल्या कानाला दुसरं नाव औषधासारखं ऐकू येतं.

निद्दात दोघांची गाठ पडते ती दिवसांच्या गणितावर. तोरानुसार रक्त दिसल्यापासून 7 दिवस ‘निद्दा’चे. पुढचे 11 दिवस ‘झिवा’चे, म्हणजे अवेळी रक्तस्रावाचे. त्या 11 दिवसांत एक किंवा दोन दिवस रक्त दिसलं तर त्याच्या बदल्यात एक स्वच्छ दिवस पाळायचा. सलग तीन दिवस दिसलं तर ती मोठी ‘झावा’, तिला सात स्वच्छ दिवस मोजायचे आणि मंदिर असताना आठव्या दिवशी दोन होले किंवा कबुतराची दोन पिल्लं अर्पण करायची.

प्रश्न असा, की हे 18 दिवस संपल्यावर काय? रामबाम म्हणतो, पाळीचा दिवस एकदा ठरला की चाक फिरतच राहतं: 7 आणि 11, पुन्हा 7 आणि 11, मध्ये रक्त दिसो वा न दिसो. रामबान आणि बहुतेक भाष्यकार म्हणतात, नाही. 11 दिवस सरले की चाक थांबतं, आणि पुढचं रक्त दिसेल तो नवा पहिला दिवस.

कागद घ्या. पाळी 28 दिवसांनी येते असं धरा. पहिला दिवस 1. निद्दा 1 ते 7, झिवा 8 ते 18. रामबामच्या चाकात 19 ते 25 पुन्हा निद्दा, 26 ते 36 झिवा, 37 ते 43 निद्दा, 44 ते 54 झिवा, 55 ते 61 निद्दा. पुढची पाळी 29व्या दिवशी आली, म्हणजे झिवात पडली. 29, 30, 31 असे सलग तीन दिवस रक्त दिसलं की ती मोठी झावा. त्यापुढची पाळी 57व्या दिवशी, ती निद्दात. म्हणजे तब्येत तीच, पाळी अगदी घड्याळासारखी, आणि तोराचा नियम एका महिन्याला एक, दुसऱ्याला दुसरा. रामबानच्या हिशोबात 29वा दिवस सरळ पहिला दिवस होतो. आमचं प्रामाणिक मत: गणित म्हणून रामबाम देखणा आहे, पण माणसांच्या घरात रामबानचं चालेल.

प्रत्यक्षात यावर कोणाचं घर अडलं नाही, कारण भांडण सुरू व्हायच्या आधीच व्यवहार बदलला होता. 66अ वर दोन पायऱ्या दिसतात. पहिली, रब्बी यहूदा हा-नासीने गावाखेड्यांसाठी घातलेला नियम: एक दिवस दिसलं तर तो आणि आणखी 6, दोन दिवस दिसलं तर ते दोन आणि आणखी 6, तीन दिवस दिसलं तर 7 स्वच्छ. दोन दिवसांना एकूण 8 का? कारण पहिला दिवस झिवाचा शेवटचा असू शकतो आणि दुसरा निद्दाचा पहिला. मग त्या दुसऱ्यापासून सात भरायला हवेत. मोजदाद चुकलेल्या बाईला कोणत्याही शक्यतेत सुरक्षित ठेवणारा हा आकडा. दुसरी पायरी रब्बी झेराच्या तोंडची: इस्राएलच्या लेकींनी आपणहून कडक नियम घेतला, की मोहरीएवढा रक्ताचा थेंब दिसला तरी सात स्वच्छ दिवस पाळायचे. तेव्हापासून 7 आणि 11 चा हिशोब पाटीवरच राहिला. नियम बायकांनी घेतला आणि पंडितांनी तो मान्य केला, हा क्रम भाष्यं वाचताना विसरू नये.

प्रश्न : रक्ताच्या रंगांत मेथीचं पाणी कुठून आलं? (ठाणे)

दुसऱ्या अध्यायातून. मिश्ना पाच अशुद्ध रंग सांगते: लाल, काळा, केशराच्या चमकदार भागाचा, मातीच्या पाण्याचा आणि पाणी घातलेल्या द्राक्षारसाचा. शम्माईचा संप्रदाय आणखी दोन वाढवतो, मेथी भिजवलेल्या पाण्याचा आणि भाजलेल्या मांसातून सुटणाऱ्या रसाचा. हिल्लेलचा संप्रदाय हे दोन शुद्ध धरतो.

नमुने तयार करायची रीत गेमारात आहे. द्राक्षारस शारोनच्या मैदानातला, एक भाग, त्यात दोन भाग पाणी. तो पाहायचा तिबेरियासच्या साध्या पेल्यात. का, तर इतर ठिकाणचा एक लोग (द्रव मोजायचं माप) मावणारा पेला एक माने (वजनाचं माप) वजनाचा आणि दोन लोग मावणारा दोन मानेंचा असतो. तिबेरियासचा मात्र दोन लोगचा असूनही एकाच मानेचा. म्हणजे काच पातळ, रंग खरा दिसतो. जाड पेल्यात पाहिलं तर रंग गडद भासेल आणि निकाल चुकेल. मातीसाठी बेत-केरेमच्या खोऱ्यातली माती घ्यायची, वर पाणी तरंगवायचं, लसणाच्या सालीएवढा पातळ थर. पाणी गढूळ असतानाच पाहायचं. निवळलं तर नमुना गेला, पुन्हा ढवळा. काळ्यासाठी शाई, तीही सुकलेली: रब्बी अमी सुक्या शाईची खडी फोडून आतला रंग ताडून पाहत.

बाबिलोनमधले पंडित हे काम जमेल तसं टाळत, कारण नजरेची खात्री नव्हती. ज्याची होती त्याची गंमत 20ब वर आहे. इराणच्या शापूर राजाची आई इफ्रा होर्मिझ हिने राव्वा या पंडिताकडे रक्ताचा नमुना पाठवला. तिथे बसलेल्या रब्बीने वास घेऊन अचूक सांगितलं. राजा म्हणाला ते आपल्या बोलीत सांगायचं तर, कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मग तिने 60 तऱ्हांचे नमुने पाठवले. सगळे ओळखले गेले, शेवटचा सोडून. तो उवांच्या रक्ताचा होता. ते त्याला कळलं नाही, पण उत्तरासोबत त्याने सहज भेट म्हणून उवा मारायची फणी पाठवली, आणि राजमातेला वाटलं यानं तेही ओळखलं.

आता भाष्यकारांचं काम. मिश्नात ‘यारोक’ नावाचा आणखी एक रंग येतो. अकाव्या बेन महाललेल तो अशुद्ध म्हणतो, पंडित शुद्ध म्हणतात. आजच्या हिब्रूत यारोक म्हणजे हिरवा. तोसाफोत 19ब वर अडतात: पानासारख्या हिरव्याचा लालाशी काहीच संबंध नाही, मग तो रक्त आहे की नाही असा वाद अकाव्याला सुचेलच कसा? म्हणून हा यारोक कांद्याच्या पातीचा हिरवा नव्हे, एत्रोगसारखा, म्हणजे महाळुंगासारखा पिवळा. एका शब्दाचा अर्थ शब्दकोशातून नाही, वादाच्या तर्कातून काढला. तोसाफोतचं उत्तम वाचन ते हेच. पुढे रोशने (सुमारे 1250–1327) व्यवहार बांधून टाकला: आता कोणाला हे बारकावे दिसत नाहीत, तेव्हा लालाकडे झुकणारं सगळं अशुद्ध, पांढरं आणि पिवळं शुद्ध. मेथीचं पाणी तेव्हापासून अभ्यासापुरतं.

प्रश्न : कपड्यावरचा डाग रक्ताचा की रंगाचा, हे ओळखायची सात पदार्थांची पद्धत ऐकली आहे. ती घरी करता येईल का? (सोलापूर)

करून काही सिद्ध होणार नाही, पण कृती नीट समजून घेण्यासारखी आहे.

नवव्या अध्यायात पदार्थ या क्रमाने येतात: बेचव थुंकी, चावलेल्या बाकल्याच्या डाळीचा रस, मूत्र, नेतेर म्हणजे खनिज सोडा, बोरित, किमोनिया आणि एश्लाग. थुंकी अशा माणसाची जिने किंवा ज्याने अजून काही चाखलेलं नाही, म्हणजे सकाळची, चहाआधीची म्हणा. बाकल्याच्या डाळिंब्या तोंडात चावून त्या लाळेसकट लावायच्या. मूत्र आंबलेलं हवं, ताजं नाही. नेतेर आलेक्सांद्रियाचं. एश्लागविषयी तालमूदमधला पंडित शमुएल म्हणतो की मी समुद्रावरच्या खलाशांना विचारलं, तेव्हा कळलं की ते मोत्याच्या भोकांत सापडतं आणि लोखंडी खिळ्याने उकरून काढतात.

प्रत्येक पदार्थाने तीन वेळा चोळायचं. क्रम चुकला किंवा सातही एकदम लावले तर ‘काहीच केलं नाही’ असं मिश्ना म्हणते. गेमारातला एक प्रश्न तर असा: हात पुढे नेला आणि मागे आणला, हे चोळणं एक धरायचं की दोन? उत्तर नाही, प्रश्न तसाच सोडला आहे. शेवटी डाग गेला किंवा फिका पडला तर रक्त. तसाच राहिला तर रंग, आणि कपडा शुद्ध. धोबीकामाच्या दृष्टीने हे सरळ आहे, रक्त या पदार्थांना सोडतं, पक्का रंग सोडत नाही. पुढच्या निर्णयग्रंथांनी ही परीक्षा बाजूला ठेवली, कारण यातल्या काही पदार्थांची नावं कशाला लावायची हे ठरेना.

व्यवहारात चालतं ते माप आणि जागा. डाग ‘ग्रिस’पेक्षा, म्हणजे किलिकियाच्या बाकल्याच्या डाळिंबीपेक्षा मोठा नसेल तर तो उवेचा किंवा तसल्या कशाचा समजायचा. ग्रिस म्हणजे 9 मसूर, तीन बाय तीन मांडलेले. आज हे माप सुमारे 2 सेंटिमीटर व्यासाचं धरतात. आपल्या बाजारातला मसूर मांडून पाहाल तर कमी भरेल. रंगीत कपड्यावरचा डाग मोजायचाच नाही. हे माप आणि सवलती फक्त डागाला. स्वतः तपासताना कापडावर रक्त दिसलं तर मोहरीएवढंही पुरतं. डाग आणि प्रत्यक्ष दिसलेलं रक्त यांची गल्लत हीच यातली नेहमीची चूक.

प्रश्न : निद्दा म्हणजे आपला विटाळच ना? त्या बायकाही बाहेर बसायच्या का, स्वयंपाकघर बंद? (सातारा)

भाषांतर करताना ‘विटाळ’ शब्द पटकन सुचतो आणि तिथेच घोटाळा होतो. ‘कावळा शिवला’ म्हटलं की मराठी घरात पहिली बंद होते ती चूल आणि देवघर. तालमूदमध्ये चूल बंद होत नाही. केतुबोत मसेख्तच्या 61अ वर नियम स्पष्ट आहे: बायको नवऱ्यासाठी जी कामं करते ती सगळी निद्दा असताना करते, तीन सोडून. त्याला पेला भरून देणं, त्याचा बिछाना घालणं, आणि त्याचं तोंड-हात-पाय धुणं. तिन्ही कामं जवळिकीची. रोख शरीरसंबंधावर आहे, शिवाशिवीवर नाही. पेल्याचा प्रश्न घरोघरी कसा सुटायचा तेही तिथेच दिलंय. शमुएलची बायको डाव्या हाताने द्यायची, अबायेची रांजणाच्या तोंडावर ठेवायची, राव्वाची उशीजवळ, रव पापाची बाकावर.

जुन्या लोकांचं म्हणणं होतं की या दिवसांत बाईने काजळ घालू नये, रंगीत कपडे नेसू नयेत. रब्बी अकिवाने ते मोडलं: अशाने तू तिला नवऱ्याच्या मनातून उतरवशील. हे शब्बात मसेख्तच्या 64ब वर. पोथीचं काय? रामबाम लिहितो, कोणीही अशुद्ध माणूस, निद्दा असलेली बाईसुद्धा, तोराची गुंडाळी हातात धरून वाचू शकते, कारण तोराच्या शब्दांना अशुद्धी लागत नाही.

पण चित्र एकरंगी नाही. मध्ययुगातल्या काही समाजांत बायका या दिवसांत सिनॅगॉगला जात नसत. खुद्द राशी बायकोच्या हातात हातातून किल्लीसुद्धा देत नसे, अशी नोंद शब्बात 13ब वरच्या तोसाफोतमध्ये आहे. तिकडे रामबाम बाळंतपणानंतर 40 आणि 80 दिवस दूर राहायच्या रूढीला चूक म्हणतो आणि ती पाखंडी पंथाकडून आली असं बजावतो. एकाच मसेख्तच्या भाष्यकारांत एवढं अंतर.

प्रश्न : आमचं मूळ घर रेवदंड्याजवळचं, बेने इस्राएल. कोकणात मिक्वे नसेल तिथे विहीर, ओढा किंवा समुद्र चालतो का? नियमाप्रमाणे सांगा. (लोद, इस्राएल)

तालमूद आणि त्यावरची भाष्यं बेने इस्राएलांच्या हाती आली ती कोचीनच्या ज्यू शिक्षकांशी संबंध आल्यावर. तेव्हा उत्तर ग्रंथातल्या नियमापुरतंच देतो.

मिक्वे म्हणजे शुद्धीच्या बुडीचं कुंड. त्याला 40 सेआ (सेआ हे जुनं माप) पाणी लागतं, माणूस पूर्ण बुडेल असं: एक हात लांब, एक हात रुंद, तीन हात खोल. आजच्या मापात रब्बी नाएच्या हिशोबाने सुमारे 332 लिटर, हाझोन ईश या दुसऱ्या पंडिताच्या हिशोबाने सुमारे 573. बांधणारे जास्तच धरतात. पाणी पावसाचं, वाहत येऊन साठलेलं हवं. बादलीने किंवा भांड्याने काढलेलं पाणी चालत नाही, आणि 40 सेआ भरायच्या आत तसलं 3 लोग, म्हणजे लिटरभर पाणी पडलं तरी कुंड बाद. एकदा 40 सेआ भरलं की वरून कितीही ओता. मग रोज थोडं काढलं, थोडं नळाचं घातलं तर? प्रोव्हान्सचा भाष्यकार रावाद (मृत्यू 1198) म्हणतो, मूळ पाणी निम्म्याहून जास्त राहिलं पाहिजे. रोशला ही अट मान्य नाही. रावादच्या भीतीपोटीच आजच्या मिक्वेत पावसाच्या पाण्याचा हौद वेगळा, न बदलता ठेवतात आणि अंघोळीच्या हौदाशी तो भोकाने जोडतात. भोक किमान दोन बोटं रुंद.

विहीर : खाली झरा असेल तर ते झऱ्याचंच पाणी. विहिरीत उतरून बुडी मारली तर चालते. रहाटाने काढून न्हाणीघरात डोक्यावर घेतलं तर स्नान झालं, शुद्धी नाही.

समुद्र : मिश्नाच्या मिक्वाओत या मसेख्तमध्ये समुद्राला मिक्वेचा दर्जा आहे. लाटा, थंडी आणि माणसं या अडचणी वेगळ्या.

खाडी आणि बंदर : इथे जपायला हवं. 67अ वर म्हटलंय, बाईने बंदरात बुडी मारू नये, चिखल अंगाला चिकटतो. वर आल्यावर चिखल दिसला नाही तरी बुडताना असेल आणि मग धुऊन गेला असेल. पाणी आणि कातडी यांच्यामध्ये काही आलं की बुडी वाया.

ओढा : कोकणातल्या माणसाला पटेल असा नियम. झऱ्याचं पाणी वाहतानाही शुद्ध करतं, पावसाचं मात्र साठलेलं असेल तरच. पावसाळ्यात ओढ्यात पावसाचं पाणी झऱ्याच्या पाण्याहून जास्त झालं, तर? म्हणून शमुएलच्या वडिलांनी आपल्या मुलींसाठी निसान महिन्यात (वसंतात), नद्या फुगलेल्या असताना, साठवणीची कुंडं केली, आणि तिश्रीत (शरदात) नदी उतरली की नदीतच चटया अंथरल्या. राशीचा नातू रब्बेनू ताम नदीला सरसकट मोकळीक देतो, रोथेनबुर्गचा रब्बी मेईर देत नाही. तुमच्या ओढ्याला मे महिन्यातही पाणी असेल तर त्याला झरा आहे. जूनपासून दसऱ्यापर्यंत त्याच्यावर भिस्त ठेवू नये, विहीर बरी.

बुडीआधीची तयारी सगळ्यांना सारखीच: केस कोमट पाण्याने धुऊन विंचरणं, नखं, दातांत अडकलेलं अन्न काढणं. नेतेर लावू नये, त्याने केस तुटतात आणि तुटके केस चिकटून राहतात. तोंडात पाणी जायलाच हवं असं नाही, पण जाऊ शकेल अशी जागा मोकळी हवी. रब्बी यहूदा हा-नासीच्या घरच्या दासीने बुडी मारली आणि वर आल्यावर दातांत हाड अडकलेलं सापडलं, तेव्हा त्याने तिला पुन्हा बुडी मारायला लावली.